जहाजावरील क्रेनची भारचाचणी: माणसे कोठे असावीत, आणि चाचणीनंतर नेमके काय पाहावे?

प्रश्न – सुरक्षा पर्यवेक्षक, मालवाहू धक्का

नमस्कार. माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर मी सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून काम करते. पुढील आठवड्यात आमच्या धक्क्याला लागणाऱ्या एका जहाजावरील दोन क्रेनची दर पाच वर्षांनी येणारी भारचाचणी होणार आहे आणि त्या दिवसाच्या सुरक्षा व्यवस्थेची जबाबदारी प्रथमच माझ्याकडे आलेली आहे. प्रत्येक क्रेनचा सुरक्षित कार्यभार, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसडब्ल्यूएल, २५ टन आहे.

पूर्वतयारीच्या बैठकीत झालेली काही विधाने मला पटलेली नाहीत, पण ती खोडून काढण्याइतका अनुभव माझ्यापाशी नाही. चाचणीचा भार पंचवीस टक्के जादा, म्हणजे ३१.२५ टन घ्यायचा, असे ठरवण्यात आले. वजन म्हणून धक्क्यावर पडून असलेले काँक्रीटचे ठोकळे वापरायचे आणि त्यांच्यावर पूर्वी कधीतरी रंगवलेले आकडे मोजून बेरीज करायची, असेही ठरले. जहाजावर १२ टन क्षमतेची एक स्प्रेडर बीम, म्हणजे हुकाखाली लावून माल समतोल उचलण्याची आडवी तुळई, आहे, तिला मागच्या महिन्यात वेल्डिंग करून दुरुस्त केले होते. ती आणि काही शॅकल, म्हणजे जोडणीच्या पोलादी कड्या, त्याच उचलीत मध्ये जोडले की सर्वांची चाचणी एकदमच उरकेल, अशी सूचना एका अनुभवी गृहस्थांनी केली. शेवटी, पुढच्या क्रेनची चाचणी चालू असताना मागच्या खणात, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कोठारात, मालाचे काम नेहमीप्रमाणे चालू ठेवायला हरकत नाही, असे म्हटले गेले.

यांपैकी काय ग्राह्य धरावे आणि कशाला ठामपणे नाही म्हणावे? ज्यांनी अशा चाचण्या प्रत्यक्ष पाहिल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – माजी मुख्य अधिकारी, मालवाहू जहाजे

ताई, आपल्या शंका योग्य आहेत. सुरुवात आकड्यापासून करतो, कारण तोच चुकला तर पुढचे सर्व नियोजन चुकते. सरसकट पंचवीस टक्के जादा हा नियम फक्त २० टनांपेक्षा कमी कार्यभाराच्या क्रेनला लागू होतो. २० ते ५० टनांपर्यंत कार्यभारापेक्षा ५ टन जादा आणि ५० टनांच्या पुढे दहा टक्के जादा, अशी ती सर्वत्र रूढ असलेली श्रेणी आहे. त्यामुळे १० टनांच्या क्रेनला साडेबारा टन आणि ६० टनांच्या क्रेनला ६६ टन लागतील, पण आपल्या २५ टनांच्या क्रेनला ३० टनच लागतील, ३१.२५ नव्हे. सव्वा टनाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. क्रेनच्या रचनेचा हिशेब त्या ३० टनांसाठी तपासलेला असतो आणि त्यापलीकडे जाण्याचा अधिकार बैठकीतल्या कोणालाही नसतो. ठोकळ्यांबरोबर स्लिंग (भार बांधण्याचे दोर), शॅकल, मधली बीम असे हुकाखाली जे जे लटकते, ते सर्व या ३० टनांतच मोजायचे, हेही लिहून ठेवा. अनेकदा ठोकळेच ३० टनांचे घेतले जातात आणि वरचे दीड-दोन टन साहित्य कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता स्प्रेडर आणि शॅकल. त्या गृहस्थांच्या सूचनेत दोन चुका एकाच वेळी आहेत आणि त्या परस्परांच्या उलट दिशेच्या आहेत. सुट्या साहित्याची चाचणी क्रेनच्या चाचणीपेक्षा पुष्कळ कडक असते. २५ टनांपर्यंतच्या शॅकल, हुक, साखळी आणि स्विव्हलला (फिरत्या कडीला) कार्यभाराच्या दुप्पट भार द्यावा लागतो. म्हणजे २५ टनांचे शॅकल ५० टनांना ताणले गेले तरच त्याची चाचणी झाली असे म्हणता येते. क्रेनखाली ते ३० टनांना लटकले म्हणून त्याचा दाखला देता येणार नाही. उलट, कार्यभार २५ टनांचा असलेले शॅकल ३० टनांच्या उचलीत वापरणे हाच नियमभंग आहे, कारण चाचणीसाठी वापरायच्या साहित्याचा स्वतःचा कार्यभार चाचणीच्या भारापेक्षा कमी असता कामा नये. स्प्रेडर तर फक्त १२ टनांची आहे. १० ते १६० टनांच्या बीमसाठीचे सूत्र कार्यभाराला १.०४ ने गुणून त्यात ९.६ मिळवा असे आहे, त्यानुसार तिची चाचणी सुमारे २२ टनांना व्हायला हवी. तिला ३० टनांच्या उचलीत जोडणे म्हणजे तिच्या चाचणीच्या भाराच्याही वर आठ टन लादणे होय. ती मोडली तर वरचा हुक, वायर आणि बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, एका क्षणात मोकळे होतील, आणि ताणलेली बूम मागे उसळते तेव्हा ती कोणाचे ऐकत नाही.

सुट्या साहित्याची चाचणी स्वतंत्र टेस्ट बेडवर, म्हणजे साहित्य ताणून पाहण्याच्या यंत्रावर, बंद जाळीच्या आत व्हावी. एक गोष्ट नव्या लोकांना नेहमी गोंधळात टाकते म्हणून येथेच सांगतो. एका चाकाच्या कप्पीला, म्हणजे ब्लॉकला, कार्यभाराच्या चौपट भार देतात, हे वाचून माणूस दचकतो. त्या ब्लॉकचा कार्यभार वरच्या कडीवर येणाऱ्या एकूण भाराच्या निम्मा धरण्याची पद्धत असल्यामुळे ही चौपट प्रत्यक्षात कडीवरील भाराच्या दुप्पटच ठरते.

उत्तर २ – क्रेन देखभाल अभियंता

वरील आकड्यांशी मी पूर्ण सहमत आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांबद्दल मात्र अधिक कडकपणे लिहितो. उघड्यावर पडलेला ठोकळा पावसाचे पाणी पितो, त्याच्या कडा फुटून वजन कमी होते आणि उचलण्याची कडी आतल्या आत गंजते. बाहेरून कडी धडधाकट दिसते, पण काँक्रीटला टेकलेल्या जागी तिची जाडी निम्म्यावर आलेली मी स्वतः पाहिली आहे. रंगवलेल्या आकड्यांवर विसंबू नका. प्रत्येक ठोकळा वजनकाट्यावर घाला, आणि त्याशिवाय हुक व भार यांच्यामध्ये चालू मुदतीचा अंशांकन (कॅलिब्रेशन) दाखला असलेला लोड सेल, म्हणजे भार मोजणारे उपकरण, लावा. क्रेनच्या केबिनमधला भारदर्शक या कामाला चालणार नाही, कारण ज्याची परीक्षा घ्यायची तोच परीक्षक होऊ शकत नाही.

माझा मुख्य मुद्दा ओव्हरलोड लिमिटरचा, म्हणजे जादा भार आला की क्रेन थांबवणाऱ्या यंत्रणेचा, आहे. २५ टनांच्या क्रेनने ३० टन उचलायचे, तर लिमिटर उचल मध्येच तोडून टाकतो. त्यामुळे चाचणीपुरता तो किल्लीने बायपास, म्हणजे निष्क्रिय, करावा लागतो आणि खरा धोका तेथे सुरू होतो. एका ठिकाणी चाचणी उत्तम पार पडली, दाखले झाले, सर्वजण समाधानाने घरी गेले. सुमारे दोन आठवड्यांनी मी नेहमीच्या देखभालीसाठी कंट्रोल पॅनेल उघडले, तेव्हा बायपासची किल्ली तशीच फिरवलेली आणि कुलपातच होती. त्या दोन आठवड्यांत ती क्रेन रोज माल उचलत होती आणि तिला अडवणारे काहीच शिल्लक नव्हते. काही अघटित घडले नाही, पण मला अजूनही ती वळवलेली पितळी किल्ली डोळ्यांसमोर दिसते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की बायपासची किल्ली कोणी, किती वाजता फिरवली आणि कोणी, किती वाजता परत घेतली याची नोंद दोन सह्यांनी व्हावी, आणि चाचणीचा भार खाली ठेवल्यानंतर लिमिटर पुन्हा चालू करून तो खरोखर तोडतो की नाही हे जादा वजन लावून पाहिल्याशिवाय क्रेन कामाला देऊ नये. बूम, हुक आणि स्लू (क्रेनचे आडवे फिरणे) यांचे हालचालीची हद्द राखणारे लिमिट स्विच याच वेळी पुन्हा तपासावेत.

आपली क्रेन हायड्रॉलिक असेल तर आणखी एक सावधगिरी. दाबमर्यादेमुळे काही हायड्रॉलिक क्रेन पूर्ण जादा भार उचलूच शकत नाहीत. अशा वेळी ती उचलू शकेल तेवढा कमाल भार, पण सामान्यतः कार्यभारापेक्षा किमान दहा टक्के जादा, पुरेसा मानला जातो. ही सवलत ठाऊक नसल्यामुळे लोक रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे तेलाचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा, स्क्रू आवळून आकडा गाठतात. कोणी पाना घेऊन व्हॉल्व्हकडे जाताना दिसला, तर चाचणी तेथेच थांबवा.

उत्तर ३ – क्रेन चालक

मी थोडक्यात लिहितो. त्या दिवशी चालकाला सिग्नल देणारा माणूस एकच असावा आणि तो चालकाला सतत दिसावा किंवा वॉकीटॉकीवर ऐकू यावा. संपर्क तुटला की चालकाने हालचाल थांबवायची, अंदाजाने पुढे जायचे नाही. मात्र ‘थांबा’ ही खूण कोणीही केली, अगदी झाडूवाल्याने केली, तरी ती पाळायची. हे चालकाला आणि सर्वांना सकाळीच स्पष्ट सांगा, कारण मोठे अधिकारी समोर उभे असताना खालच्या माणसाचा हात वर जात नाही.

एक सूचना करतो. ठोकळे जमवण्यात दिवस जातो. त्याऐवजी हुक लोड सेलमार्फत धक्क्यावरच्या मजबूत बोलार्डला, म्हणजे जहाजाचे दोर बांधण्याच्या खुंटाला, बांधून ३० टनांपर्यंत ओढले, तर काम तासाभरात होते. काही ठिकाणी तसे केलेले मी पाहिले आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ठोकळ्यांचा विषय मी आजच बंद केला आहे. त्यांच्या जागी पाण्याच्या पिशव्या, म्हणजे वॉटर बॅग, आणण्याचा विचार चालू आहे. त्याबाबत काय काळजी घ्यावी? चालकदादांनी सुचवलेली बोलार्डची पद्धत स्वीकारार्ह आहे का? आणि माझा मूळ प्रश्न अजून उरलाच आहे: माणसे किती अंतरावर ठेवावीत?

उत्तर ४ – उचल-साधनांची चाचणी व तपासणी करणारा सर्व्हेअर

बोलार्डच्या पद्धतीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याशी मी सहमत नाही. स्थिर बिंदूला बांधून ओढले, तर बूम भारासह फिरत नाही, त्यामुळे स्लूची यंत्रणा, तिचे बेअरिंग आणि ब्रेक यांची परीक्षाच होत नाही. शिवाय लटकणारे वजन ३० टनांचे असेल, तर चालकाची चूक झाली तरी ते ३० टनच राहते. बोलार्डला बांधलेला हुक मात्र लिव्हर एका बोटाने अधिक ओढला तरी ३० चे ४० टन करू शकतो, आणि त्या वेळी लिमिटर बायपास असतो. बोलार्ड हा मुळात जहाजाच्या दोरांची आडवी ओढ सोसण्यासाठी बसवलेला असतो, उभ्या ओढीसाठी त्याचा पाया किती टिकेल याचा हिशेब सहसा कोणाजवळ नसतो. स्प्रिंग किंवा हायड्रॉलिक मापकाने ठरावीक मुदतीची फेरचाचणी करण्याची मुभा काही नियमांत मर्यादित भारापर्यंत आहे आणि त्यातही काटा किमान पाच मिनिटे स्थिर राहिला पाहिजे अशी अट असते. पण पहिली चाचणी आणि मोठ्या दुरुस्तीनंतरची चाचणी प्रत्यक्ष वजनानेच व्हावी. आपल्याकडे पिशव्यांची सोय होत असताना मापकाकडे वळण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

पिशव्यांचा मोठा गुण असा की भार हळूहळू वाढतो. निम्म्या भाराला, मग पूर्ण कार्यभाराला थांबून पाहता येते आणि काही विचित्र आवाज आला तर तेथेच पाणी सोडून देता येते. पण त्यांचे दोष समजून घ्या. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन एक टन असते, समुद्राचे पाणी त्याहून सुमारे अडीच टक्के जड भरते. त्यामुळे पंपाच्या मीटरवर भार ठरवू नका, लोड सेलचाच आकडा ग्राह्य धरा. ३० टनांसाठी जवळपास ३० घनमीटर पाणी लागते, पिशवी भरल्यावर कित्येक मीटर उंच होते, तेव्हा हुकाखाली तेवढी उंची मिळते का हे आधी मोजा. अर्धी भरलेली पिशवी फिरवू नका, आतले पाणी डुचमळून भार झोके घेऊ लागतो. पिशवी तळापासून जेमतेम सुटेल एवढीच उचला. भरण्याला जो वेळ जातो त्यात वारा आणि भरती-ओहोटी दोन्ही बदलतात, म्हणून वाऱ्याची मर्यादा निर्मात्याच्या पुस्तकातून काढून कामाच्या परवान्यावर लिहा आणि ती ओलांडली की भार खाली ठेवण्याचा निर्णय कोण घेणार त्याचे नावही लिहा.

जहाजाच्या कलण्याचा विचार आपल्या बैठकीत झालेला दिसत नाही. ३० टन भार जहाजाच्या मध्यापासून समजा २५ मीटर बाहेर गेला, तर ७५० टन-मीटरचे आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, जहाजाला एका बाजूला खेचते. जहाज कलले की भार आणखी बाहेर जातो आणि बूमवर आडवा जोर येतो. जहाजावरच्या क्रेन सामान्यतः ५ अंश कल आणि २ अंश पुढे-मागे झुकाव गृहीत धरून बांधलेल्या असतात. म्हणून मुख्य अधिकाऱ्याकडून चाचणीच्या स्थितीचा स्थैर्याचा हिशेब लेखी मागा, टाक्यांतील पाण्याची स्थिती आधी ठरवून घ्या, आणि भार बाहेर फिरत असताना कलमापकाजवळ व धक्क्याच्या दोरांजवळ एकेक माणूस ठेवा. दोरांजवळचा माणूस दोर तुटला तर तो झेपावेल त्या रेषेत उभा नसावा.

आता अंतर. मीटरचा एकच आकडा देणे मी टाळतो, कारण क्षेत्र बूमच्या आवाक्यावरून ठरते. बूमच्या कमाल आवाक्याचे पूर्ण वर्तुळ आखा आणि त्यात बूम किंवा भार पडून घरंगळण्याची जागा मिळवा. क्रेनच्या मागची बाजू सोडू नका, बूम उसळते ती त्या दिशेने. वायर जेथे जेथे वळते तेथील कप्प्यांच्या समोरची रेषाही त्यात घ्या. या क्षेत्रात भार हवेत असताना चालकाखेरीज कोणीही नसावे. मशीनघरात ड्रमवर वायर कशी बसते आहे हे डोकावून पाहण्याचा मोह अनुभवी फिटरलाच सर्वांत जास्त होतो, त्याला आधीच नावाने सांगा. आपला मागचा खण या वर्तुळात येत असेल, तर तेथील काम बंद. येत नसेल तरीही मी ते बंदच ठेवेन, कारण जहाज कलेल तेव्हा त्या खणातल्या मजुरांच्या डोक्यावरचा भारही हलेल. जहाजावर चढण्याची शिडी कोठे लागली आहे तेही पाहा.

चाचणीनंतर काय पाहावे, हे आपण शीर्षकात विचारले आहे आणि माझ्या मते सर्वांत अधिक वेळ येथेच द्यायला हवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या गोदीकामविषयक करारात, म्हणजे १५२ क्रमांकाच्या करारात, पहिल्या वापरापूर्वी व मोठ्या दुरुस्तीनंतर चाचणी, जहाजावरील साधनांची किमान दर पाच वर्षांनी फेरचाचणी आणि किमान दर १२ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी सांगितलेली आहे. त्यातच प्रत्येक चाचणीनंतर चाचणी करणाऱ्यानेच सखोल तपासणी करून दाखला द्यावा असेही म्हटले आहे. जहाजांच्या सुरक्षेच्या सोलास करारातही १ जानेवारी २०२६ पासून उचल-साधनांसाठी स्वतंत्र नियम लागू झाला आहे. तरीही भार खाली टेकला की टाळ्या वाजतात आणि लोक पांगतात. भार उचलला गेला याचा अर्थ क्रेन मोडली नाही एवढाच होतो. ती त्या उचलीत थोडीशी फाटली का, हे अजून कोणी पाहिलेले नसते.

मी चाचणीपूर्वी हुकाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना पंचाने बारीक खूण करतो, व्हर्निअर या सूक्ष्म मोजपट्टीने त्यांतले अंतर मोजतो आणि चाचणीनंतर तेच अंतर पुन्हा मोजतो. हुकाचे तोंड कायमचे उघडले असेल तर ते डोळ्यांना दिसण्यापूर्वी येथे कळते. बूमच्या बुंध्याच्या पिनजवळ आणि क्रेनच्या खांबाच्या वेल्डला मी बॅटरी तिरकी धरून पाहतो. रंगाला केसासारखी रेघ गेलेली असेल आणि तिच्या कडेला तांबूस धूळ असेल, तर ती भेग जुनीच होती आणि आज फक्त उघडली, असे समजावे. तेथला रंग खरवडून भेगशोधक द्रव लावल्याशिवाय मी सही करत नाही. वायर शेवटच्या फेरीपर्यंत सोडून ड्रमवरची पकड पाहावी, कारण ती बाजू एरवी कधीच उजेडात येत नाही. ब्रेकची परीक्षा भार खाली सोडताना मध्येच थांबवून घ्यावी आणि वीज बंद केल्यावर भार सरकत नाही ना हे पाहावे.

आणखी एक विनंती. काही ठिकाणी उत्साहाच्या भरात दरवर्षी जादा भार देतात. वार्षिक गरज तपासणीची आहे, जादा भाराची नाही. प्रत्येक जादा भार पोलादाच्या आयुष्यातून थोडे काढून घेतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

पुन्हा एकदा सर्वांचे आभार. आज दुपारी मुख्य अधिकाऱ्यांसोबत डेकवर जाऊन बूमच्या आवाक्याचे वर्तुळ नकाशावर काढले. जहाजावर चढण्याची शिडी त्या वर्तुळाच्या अगदी मध्ये येत होती, त्यामुळे ती जहाजाच्या मागच्या टोकाकडे हलवण्याचे ठरले आहे. दोन्ही खणांतील काम चाचणी संपेपर्यंत बंद राहील आणि चाचणी सकाळी लवकर, वारा कमी असताना घेतली जाईल. १२ टनांची स्प्रेडर लाल खूण बांधून कुलपात ठेवली असून ती टेस्ट बेडवर पाठवण्याची मागणी लेखी दिली आहे. क्रेन हायड्रॉलिक आहे आणि रिलीफ व्हॉल्व्हला सध्या सील नाही, हे आज पाहताना लक्षात आले. उत्तर २ मधील अभियंता महोदयांना विचारायचे आहे: चाचणीपूर्वी त्यावर सील बसवून घेण्याचा आग्रह मी धरावा का, आणि दाब कोणाच्या उपस्थितीत तपासून घ्यावा?

उत्तर २ – क्रेन देखभाल अभियंता

अवश्य धरा. निर्मात्याच्या पुस्तकातील दाबाचा आकडा समोर ठेवून, सर्व्हेअर आणि जहाजाचे मुख्य अभियंता या दोघांच्या उपस्थितीत गेज लावून दाब तपासा, मग सील लावा आणि सीलचा क्रमांक चाचणीच्या नोंदीत लिहा. सील कधी आणि का निघाले हे जहाजाच्या देखभाल वहीत सापडते का तेही पाहा. नोंद सापडली नाही, तर मागच्या दुरुस्तीनंतर दाब वाढवलेला असण्याची शक्यता गृहीत धरा आणि गेज लागेपर्यंत ती क्रेन मालाच्या कामालाही देऊ नका.